शेळीचे दूध कोणासाठी?

पावसाळा ओसरू लागला, डबक्यांत डास माजले आणि घरोघरी तापाची अंथरुणे पडली की आमच्या आर्णीत दरवर्षी एक चमत्कारिक शोधमोहीम सुरू होते. डेंग्यूच्या रुग्णांचे नातेवाईक शेळीच्या दुधाच्या शोधात तांड्या-पोडांवर हिंडू लागतात. शेळीच्या दुधाने रक्तातील पेशी वाढतात, असे कोणी तरी कोणाला तरी सांगितलेले असते. एरवी ज्या दुधाकडे गावातला सुखवस्तू माणूस ढुंकूनही पाहत नाही, त्याला त्या चार-सहा आठवड्यांत मागाल तो भाव मिळतो. हे केवळ खेड्यातले वेड आहे असेही म्हणता येत नाही. गेल्या दशकात डेंग्यूच्या साथीत राजधानी दिल्लीमध्येही या दुधाचे भाव अनेक पटींनी चढल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळाल्या आहेत.

अशाच एका मोसमात मी वर्गात उपयोगिता मूल्य आणि विनिमय मूल्य यांतील भेद समजावून सांगत होतो. ॲडम स्मिथने मांडलेले पाणी आणि हिऱ्याचे कोडे फळ्यावर होते. तेवढ्यात जवळच्या तांड्यावरून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. तो म्हणाला, "सर, आमच्या घरी चार बकऱ्या आहेत. परवा एक जण पावभर दुधाचे आईला दोनशे रुपये देऊन गेला. पण आमच्या घरात ते दूध कोणी पीत नाही. चहापुरते काढतो, बाकीचे करडे पितात. मग या दुधाची खरी किंमत कोणती?" मागणी-पुरवठ्याचे ठराविक उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. तो खाली बसला, परंतु माझे समाधान झाले नाही. त्याच्या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले होते. हे दूध खरोखरच इतके गुणकारी आहे काय, हा पहिला. आणि असल्यास ते कोणाच्या मुखी जावयास हवे, हा दुसरा. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला दिलेले उशिराचे उत्तर होय.

गुणांचा हिशेब

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्य-कोष्टके आपल्याकडे प्रमाण मानली गेली. त्यांनुसार १०० ग्रॅम शेळीच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने, ४.५ ग्रॅम स्निग्धांश, १७० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ७२ उष्मांक असतात. गाईच्या दुधाचे तेच आकडे अनुक्रमे ३.२, ४.१, १२० आणि ६७ असे आहेत. म्हशीच्या दुधाचे ४.३, ६.५, २१० आणि ११७. जात, चारा आणि ऋतू यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात हे खरे. पण एकंदर चित्र स्पष्ट आहे. शेळीचे दूध गाईच्या दुधाच्या तोडीचे असून कॅल्शियमच्या बाबतीत ते थोडे सरसच ठरते. म्हशीच्या दुधाइतके ते दाट नाही, एवढेच.

हे आकडे लेकराच्या गरजेशी ताडून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम प्रथिने आणि ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांची २०२० सालची शिफारस आहे. शेळीच्या दुधाचा दोनशे मिलिलिटरांचा एक पेला यांतील प्रथिनांची सुमारे दोन-पंचमांश आणि कॅल्शियमची निम्म्याहून अधिक गरज भागवितो. ज्या घरात डाळ पातळ आणि भाजी कालवणापुरती असते, त्या घरात एका पेल्याने एवढे काम होणे ही लहान गोष्ट नव्हे.

पचनाच्या बाबतीतही या दुधाची काही वैशिष्ट्ये शास्त्रीय कसोटीला उतरलेली आहेत. त्यातील स्निग्धांशाचे कण गाईच्या दुधातील कणांपेक्षा सरासरीने लहान असतात आणि एकमेकांना चिकटून चटकन वर येत नाहीत. म्हणूनच या दुधावर साय धरत नाही अशी गृहिणींची तक्रार असते. अल्फा-एस-१ नावाचे केसीन त्यात बहुधा कमी असल्याने पोटात त्याची जी गाठ बनते ती मऊ असते आणि पाचकरसांना लवकर दाद देते. शिवाय त्यात काही आखूड लांबीची मेदाम्ले अधिक प्रमाणात आढळतात. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही त्यांची नावेच मुळी शेळीला लॅटिनमध्ये जो 'कॅप्रा' शब्द आहे त्यावरून पडली आहेत. ही मेदाम्ले इतर स्निग्धांशांप्रमाणे लांबचा फेरा न घेता आतड्यातून सरळ यकृताकडे जातात आणि तेथे तत्काळ इंधन म्हणून वापरली जातात. ज्या रुग्णांना नेहमीचे तेल-तूप पचत नाही त्यांच्यासाठी रुग्णालयांतून याच जातीची मेदद्रव्ये वापरली जातात.

आपल्या पूर्वजांचे निरीक्षणही याच दिशेचे होते. वाग्भटाने शेळीचे दूध पचावयास हलके सांगितले आणि क्षय, ताप, अतिसार व रक्तपित्त यांत ते उपयुक्त मानले. त्याची कारणमीमांसा मोठी मार्मिक आहे. शेळी पाणी थोडे पिते, हिंडते पुष्कळ आणि कडू-तिखट पाला खाते, म्हणून तिचे दूध हलके! यातील प्रत्येक शब्द आजच्या शास्त्राने मान्य करावा अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. परंतु जनावराच्या चाऱ्याचा त्याच्या दुधाशी संबंध असतो, हे सूत्र मात्र शाबूत आहे. मेक्सिकोतील संशोधकांनी अलीकडे बाभळीच्या कुळातील एका वृक्षाच्या शेंगा शेळ्यांना चारून त्यांच्या दुधातील बदल मोजले. बाभळीच्या शेंगांवर तुटून पडणाऱ्या शेळ्या ज्यांनी रोज पाहिल्या आहेत, त्या आमच्या भागातील लोकांना याचे नवल वाटावयाचे नाही.

जेथे स्तुती थांबावयास हवी

येथवर सर्व ठीक. पण हल्ली शहरांतून या दुधाची जी जाहिरातबाजी चालते, ती येथे थांबत नाही. हे दूध मधुमेह आवरते, वजन उतरविते, कोलेस्टेरॉल घटविते, असे दावे सर्रास केले जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे दिसून आले. अशा देशात या दाव्यांना गिऱ्हाईक न मिळाले तरच आश्चर्य! वस्तुस्थिती अशी आहे की, चयापचयावरील परिणामांचा बराचसा पुरावा उंदरांवरील प्रयोगांचा आहे. २०२० साली मेक्सिकोतच झालेल्या एका प्रयोगात स्निग्ध आहारावर पोसलेल्या उंदरांना शेळीचे दूध दिले असता त्यांची स्थूलता आणि यकृतातील चरबी कमी राहिली व इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारला. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठात उंदरांवरच झालेल्या प्रयोगांत या दुधाबरोबर लोह अधिक चांगले शोषले जाते असे आढळले. हे निष्कर्ष आशादायक आहेत, याविषयी वाद नाही. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि प्रयोगशाळेतील खुराक म्हणजे घरातील पेला नव्हे. वर ज्या गुणकारी मेदाम्लांचा उल्लेख केला ती एका पेल्यात मोजून दीड ग्रॅमही भरत नाहीत. तीन वेळचे जेवण आणि चार वेळचा साखरेचा चहा तसाच ठेवून वर शेळीचे दूध पिणाऱ्याच्या आहारात भर पडते ती उष्मांकांचीच.

आणखी दोन समजुतींचा निरास करावयास हवा. ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना शेळीच्या दुधाने फारसा दिलासा मिळत नाही, कारण त्यातील दुग्धशर्करेचे प्रमाण गाईच्या दुधाच्या आसपासच असते. तसेच ज्या बालकांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते, त्यांतील बहुतेकांना शेळीच्या दुधाचीही असते, कारण दोहोंतील प्रथिने सख्खी भावंडे आहेत. राहता राहिली डेंग्यूची गोष्ट. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैद्यकीय आधार नाही. बहुसंख्य रुग्णांच्या पेशी आजार उतरू लागला म्हणजे आपोआपच वाढतात आणि त्याचे श्रेय आदल्या दिवशी प्यालेल्या दुधाला जाते. दुधामागे धावताना दवाखान्यात जाण्यास उशीर झाला, तर मात्र ती श्रद्धा जिवावर बेतू शकते.

खरी भीती वाटते ती 'औषधी' म्हणून न तापविता प्यावयाच्या प्रथेची. या बाबतीत माल्टा बेटाचा इतिहास प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. तेथील ब्रिटिश सैनिक व खलाशी एका चिवट तापाने वर्षानुवर्षे हैराण होते. डेव्हिड ब्रूसने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण तो शरीरात येतो कोठून, हे कोडे सुटेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या स्थानिक वैद्याने दाखवून दिले की, दारोदार फिरवून ज्यांचे ताजे दूध काढून दिले जाई, त्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्याच या तापाचे घर आहेत. पुढल्याच वर्षी लष्कराच्या आहारातून ते दूध काढून टाकताच रोग झपाट्याने ओसरला. हाच तो ब्रुसेलोसिस. तो आपल्याकडील जनावरांतही आहे. उकळी आलेल्या दुधात तो जगत नाही. धारोष्ण दुधात जगतो.

तान्ह्या मुलांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व अत्यल्प असते आणि ब-१२ गाईच्या दुधाहून पुष्कळच कमी. केवळ शेळीच्या दुधावर वाढविलेल्या अर्भकांना होणाऱ्या विशिष्ट रक्तक्षयाचे वर्णन जर्मन वैद्यांनी १९२०च्या दशकातच करून ठेवले आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली शेळीच्या दुधातील प्रथिने बाळांच्या कृत्रिम आहारासाठी योग्य ठरविली हे खरे. पण तो निर्वाळा जीवनसत्त्वे घालून सिद्ध केलेल्या भुकटीला आहे, घरच्या दुधाला नव्हे. वर्षाच्या आतील बाळाला आईचेच दूध आणि सहा महिन्यांनंतर त्याच्या जोडीला वरचे अन्न, हाच नियम. शेळीच्या दुधाची पाळी त्यानंतरची. तीही भाकर, डाळ आणि अंबाडी, तरोटा, शेवगा यांसारख्या पालेभाज्यांच्या सोबतीने.

सेवाग्रामचा धडा

मग एवढी काटछाट केल्यावर शिल्लक काय राहिले, असे वाचक विचारतील. उत्तरासाठी फार दूर जावयास नको. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामात १९३६ पासून ज्यांचे वास्तव्य होते त्या महात्मा गांधींचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दूध वर्ज्य करण्याचा संकल्प त्यांनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली केला होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांना आमांशाने गाठले आणि प्रकृती इतकी ढासळली की, जगण्याची आशाच मावळली. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाचा आग्रह धरला. गांधीजी व्रतावर अडून बसले. तेव्हा, व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध घेण्यास हरकत काय, असा तोडगा कस्तुरबांनी काढला. जगण्याच्या इच्छेपुढे गांधीजी नमले. व्रताचा शब्द तेवढा राखला गेला, ही टोचणी मात्र त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदविली आहे.

या प्रसंगाकडे आपण गांधीजींच्या साधेपणाची एक आख्यायिका म्हणून पाहतो. मला त्यातील कस्तुरबांची व्यवहारबुद्धी अधिक मोलाची वाटते. शेळीचे दूध अमृत आहे, असा त्यांचा दावा नव्हता. इतर सर्व वाटा बंद असताना हे दूध घेता येण्याजोगे होते, एवढेच त्यांनी ओळखले. या दुधाचे सामाजिक मर्म नेमके येथे आहे. गाईच्या दुधापेक्षा ते किती पटींनी श्रेष्ठ, हा वाद निष्फळ आहे. ज्या घरी गाय उभी राहू शकत नाही त्या घरी शेळी उभी राहते. तिचे दूध त्या घरात आपसूक उपलब्ध असते. त्याची थोरवी या एका गोष्टीत आहे आणि तेवढी ती पुरेशी आहे.

गाय आली, चारा कोठे आहे?

आर्णी तालुक्याचे नाव देशाला कळले ते कापूस आणि कर्जामुळे. मार्च २०१४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात नरेंद्र मोदी यांनी याच तालुक्यातील दाभडी येथे शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' केली, तेव्हा या मुलखाकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. तत्पूर्वी २००६ च्या मध्यास पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या मदतीत अनुदानावर दुधाळ गाई देण्याचाही समावेश होता. हेतू स्तुत्य होता; पण जेथे बैलांना कडबा पुरत नाही तेथे संकरित गाईने खावे काय, याचा विचार झाला नाही. दुधाच्या पैशापेक्षा पेंडेचा खर्च अधिक होऊ लागला आणि अनेकांनी ती गाय मिळेल त्या किमतीस विकली, अथवा कोणाच्या तरी गळ्यात बांधली. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' दैनिकातील आपल्या वार्तापत्रांतून ही कहाणी त्याच वेळी यवतमाळच्या गावांत जाऊन लिहिली होती. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते यालाच. फरक एवढाच की, येथे हाकण्यास शेळ्याही नव्हत्या!

त्याच काळात लोकांनी मात्र आपली निवड मूकपणे नोंदविली. पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील शेळ्यांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ८४ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ६ लाखांवर गेली; म्हणजे सात वर्षांत सव्वीस टक्क्यांच्या आसपास वाढ. गाई-बैलांची संख्या या काळात दहा टक्क्यांनी घटली. शेळी बांधावरची बोर-बाभूळ खाऊन जगते, पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते आणि मुलीचे लग्न, दवाखाना किंवा बियाण्याचा खर्च अंगावर आला की दोन तासांत रोकड मिळवून देते. भूमिहीनाची आणि विशेषतः बाईमाणसाची ही अडीनडीची पेढी आहे.

पण या पेढीतील दुधाचे खाते कोरेच राहते. २०१९ च्या गणनेत देशातील पशुधनात शेळ्यांचा वाटा अठ्ठावीस टक्क्यांच्या घरात होता. दुधाच्या उत्पादनात तो जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास भरतो. याचे कारण उघड आहे. आमच्या भागातील बेरारी अथवा गावठी शेळी मुळात मांसासाठी पाळली जाते. तिचे दूध थोडे, दिवसाला फार तर अर्धा-पाऊण लिटर, आणि त्यावर पहिला हक्क करडाचा. दूध काढावे तर करडू खंगते आणि बाजारात त्याचे वजन कमी भरते. न काढावे तर लेकरू कोऱ्या चहावर राहते. करडू की लेकरू, असा हा पेच आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने तो आपल्या परीने सोडविला होता. करडाचे पैसे दिसतात. पोराच्या हाडांत मुरलेले कॅल्शियम दिसत नाही. तिला अडाणी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. जमाखर्चात जे धरलेच जात नाही ते तिने तरी का धरावे?

त्याच वेळी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९–२१ चे आकडे सांगतात की, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, २५ टक्क्यांहून अधिक उंचीच्या मानाने कृश आणि सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के रक्तक्षयी आहेत. यांपैकी रक्तक्षयावर दूध हा इलाज नव्हे, कारण कोणत्याही दुधात लोह नाममात्रच असते. त्यासाठी लोहाच्या गोळ्या, अंडी आणि भाजीपालाच हवा. पण वाढ आणि हाडे यांच्यासाठी जे हवे ते ज्या अंगणात दोन शेळ्या बांधल्या आहेत तेथेच उपलब्ध असावे आणि त्याच अंगणातील मूल खुजे राहावे, हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

भाव आला तर?

यावर एक उपाय हमखास सुचविला जातो. शहरात या दुधाला भाव आहे. मग संकलन केंद्रे काढा, बाटल्या भरा, भुकटी करा, साबण बनवा. शेळीपालकाचे उत्पन्न वाढेल आणि त्यातून तो मुलांना सकस अन्न घेईल. युक्तिवाद सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. गरीब बाईला चार पैसे अधिक मिळत असतील तर त्यात मोडता घालणारे आपण कोण? तथापि, या वाटेने आपण एकदा गेलो आहोत. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेने देशात दुधाचे उत्पादन वाढविले, हे निर्विवाद. परंतु १९८३ साली क्लॉड अल्वारिस यांनी तिच्यावर जी कठोर टीका केली, तीतील एक मुद्दा आजही विचारात घ्यावा असा आहे. संकलनाची गाडी दारात आली म्हणजे घरातले दूध आधी गाडीत जाते आणि उरले तर पोराच्या वाटीत. गाई-म्हशींचे दूध दहा लिटर असते. त्यातले एक घरी राहू शकते. शेळीचे अर्धा लिटर असते. ते गाडीत गेले की, घरी उरते ते भांडे.

सरकारी योजनांचे वळणही विचार करावयास लावणारे आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या सुधारित योजनेत शेळीपालन प्रकल्पाला निम्म्या भांडवलापर्यंत अनुदान मिळते. पण प्रकल्प किमान १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा हवा. तो ५०० शेळ्या व २५ बोकडांचा असला, तर अनुदान ५० लाखांपर्यंत जाते. चार शेळ्यांची मालकीण या चौकटीत कोठे बसते? शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या स्तनांना दूध नसते, त्यावरून संस्कृतात अजागलस्तनाचा न्याय रूढ झाला. तांड्यावरील बाईच्या दृष्टीने अशा योजना त्या न्यायाचे उदाहरणच ठरतात. राज्य सरकारच्या शेळी-गट वाटपाच्या योजना तिला अधिक जवळच्या आहेत. पण त्यांचेही गणित मुख्यतः करडांच्या विक्रीचे.

काय करावयास हवे?

टीका करून थांबणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. मला चार गोष्टी सुचतात आणि त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट निवडीची. गट वाटपात शेळ्या केवळ वजनावर न घेता त्यांत दूध अधिक देणाऱ्या मादीची पैदास निवडावी. संगमनेरी आणि उस्मानाबादी या आपल्याच जाती दूध आणि मांस अशा दोन्ही कामांच्या आहेत. आमच्या बेरारीतही दुधाळ कळप शोधता येतील. मथुरेजवळील मखदूमची केंद्रीय शेळी संशोधन संस्था १९७९ पासून आणि फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था गेली कित्येक दशके या क्षेत्रात काम करीत आहेत. शेळीचे दूध पाऊण लिटरावरून सव्वा लिटरावर गेले की, करडू आणि लेकरू यांचे भांडण आपोआप मिटते.

दुसरी गोष्ट जीव वाचविण्याची. पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांनी एका हंगामात सारा कळप जातो. त्यांच्या लसी वेळेवर तांड्यापर्यंत पोहोचल्या पाहिजेत आणि ब्रुसेलोसिसची तपासणीही त्याच फेरीत व्हावी.

तिसरी गोष्ट चराईची. शेळी जंगलाचा नाश करते हा आरोप जुना आहे आणि सर्वस्वी खोटाही नाही. पण गोरगरिबांची चराईची राने सरकारच्या जंगलखात्याने बळकावल्याची तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली होती, हेही विसरता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई हा सामूहिक हक्क मानला आहे. ग्रामसभेने फेरपालटीची चराई आणि बांधावर सुबाभूळ, शेवरी यांची लागवड ठरविली, तर जंगलही राखता येईल आणि शेळीही.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. अंगणवाडीतील सेविकेने ज्यांच्या घरी शेळी आहे त्या आईला एवढेच सांगावे की, वर्ष ओलांडलेल्या मुलाला रोज एक पेला दूध, चांगली उकळी आणून, जेवणाबरोबर द्या. कच्चे कोणालाही देऊ नका. दुधाला जो दर्प येतो तो बोकड जवळ बांधल्याने आणि भांडे अस्वच्छ राहिल्याने वाढतो, हेही तिने सांगावे. कारण पुष्कळ मुले नाक मुरडतात ती त्या वासाला. गरिबाचे दूध ही हिणवण्याची बाब नाही, हे तिच्या तोंडून ऐकले तर घराघरात पटेल.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. पावभर दुधाचे दोनशे रुपये ही किंमत भीतीची होती. ताप उतरला की तीही उतरते. चहातल्या दोन चमच्यांची किंमत सवयीची आहे. या दुधाची खरी किंमत त्याच्या धाकट्या भावंडाच्या उंचीत आणि हाडांत मोजावी लागेल आणि ती कोणत्याही बाजारात लागत नाही. म्हणूनच ती धोरणात धरावी लागते. साथीच्या दिवसांत त्याच्या आईने दूध विकून पैसे मिळविले, याचा मला आनंदच आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस ते दूध घरातल्या पेल्यात पडावे आणि करडूही उपाशी राहू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकलो, तर शेळीची याहून अधिक स्तुती करण्याची आवश्यकता उरणार नाही.